कोकणात कोणती शेळी पाळावी आणि कशासाठी: जात निवडण्यापासून विक्रीपर्यंत

एप्रिल-मेमध्ये घाटावरच्या बाजारातून टेम्पो भरून शेळ्या आणल्या आणि श्रावण लागेपर्यंत गोठा अर्धा रिकामा झाला, असं कोकणात जवळपास प्रत्येक पंचक्रोशीत कुणाच्या तरी बाबतीत घडलेलं असतं. त्या शेळ्या आपल्या मुलखात चांगल्याच असतात. पण ज्या जनावराने जन्मभर पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात कोरड्या माळावर चरण्याचं काम केलं, त्याला आपण जूनमध्ये अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या तोंडी देतो. अंग वाळत नाही, खूर वाळत नाही, चाऱ्यावरचं पाणी वाळत नाही. म्हणून हा लेख जातींचा असला तरी प्रत्येक जातीला मी पहिला प्रश्न एकच विचारणार आहे: ही शेळी मिरगापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडे टिकेल का?

आधी कशासाठी पाळायची ते ठरवा

शेळी चार गोष्टींसाठी पाळली जाते: मटण, दूध, पैदास (म्हणजे पाटी, अर्थात न व्यालेल्या तरुण माद्या, आणि बोकड विकणं) आणि लेंडीखत. कातडं, लोकर वगैरे आपल्या भागात हिशेबात धरू नका. पश्मिना देणारी चांगथांगी शेळी लडाखच्या थंडीतली, मोहेर देणारी अंगोरा कोरड्या हवेतली. दोघींचाही समुद्रकिनाऱ्याशी संबंध नाही.

कोकणात खरा पैसा मटणात आहे. गावात रविवारची सागोती, गटारी, शिमगा, देवस्थानाची राखण, मुंबईकर चाकरमानी आले की घराघरात होणारी मागणी, आणि बकरी ईद. दुधाचं गिऱ्हाईक किनाऱ्यावर फार थोडं आहे. शेळीचं दूध औषधी म्हणून मागणारी दोन-चार घरं असतात, पण तेवढ्यावर धंदा उभा करू नका. लेंडीखताकडे मात्र लोक उगाच दुर्लक्ष करतात. ज्याच्याकडे हापूसची, काजूची किंवा नारळ-सुपारीची बाग आहे त्याला हे खत बाहेरून विकत घ्यावं लागतं. दहा शेळ्या घरी असतील तर मटणाचा भाव पडलेल्या वर्षीसुद्धा खताचा हिशेब तुमच्या बाजूने उभा राहतो.

तेव्हा बागायतदार असाल तर मटण आणि खत, भूमिहीन किंवा थोड्या जागेचे असाल तर मटण आणि पाटींची विक्री, असं स्पष्ट ठरवून मगच जातीकडे वळा.

कोकण कन्याळ: आपल्या पावसाची शेळी

सिंधुदुर्गात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली ही जात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तिच्यावर काम केलं, आणि करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. महाराष्ट्राच्या नोंदणीकृत जातींमध्ये उस्मानाबादी, संगमनेरी आणि बेरारी यांच्या जोडीने तिचं नाव येतं.

ओळखायची कशी? अंग काळं, त्यावर ठरावीक ठिकाणी पांढरे पट्टे. नाकपुडीपासून कानापर्यंत तोंडाच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरी रेघ जाते. कान लांब, चपटे, खाली पडलेले, कडेला पांढरे. कपाळ रुंद, शिंगं मागे वळलेली. पाय लांब आणि त्यावर काळा-पांढरा रंग. हात फिरवून बघाल तर केस आखूड, गुळगुळीत आणि चकचकीत लागतात. पावसात हेच केस कामी येतात. पाणी अंगावर मुरत नाही, शेळी आडोशाला येऊन एकदा अंग झाडते आणि थोड्या वेळात कोरडी होते. लांब पायांमुळे ती घाटीत, सड्यावर, कातळावर सहज फिरते.

ही मटणाची जात आहे. दूध करडांपुरतं आणि घरच्या चहापुरतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. करडू तगडं निघतं आणि पावसाळ्यात मरतूक कमी राहते. कोकणात वर्षाअखेर गोठ्यात किती करडं जिवंत राहिली यावरच सगळा हिशेब ठरतो, त्यामुळे दक्षिण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नवीन माणसाने दुसरी जात शोधत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण एकच आहे. बाजारात कन्याळच्या नावाखाली कुठलीही काळी-पांढरी शेळी खपवली जाते. तोंडावरची रेघ दोन्ही बाजूंना सारखी आहे का, कान खरंच लांब आणि चपटे आहेत का, हे पाहा. शक्य असेल तर शेळीची आई आणि तिचं मागचं वेतही बघून घ्या. कुडाळ तालुक्यातल्या निळेली इथे विद्यापीठाचं पशुसंशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन एकदा अस्सल कन्याळ डोळ्यांनी पाहून या. मग बाजारात फसगत होत नाही.

रायगड, ठाणे, पालघरकडे ज्याला आपण नुसती गावठी शेळी म्हणतो, तिलाही कमी लेखू नका. अंगाने लहान, वजन कमी, पण या हवेत जगलेली. तिच्यावर चांगला बोकड सोडला की दुसऱ्या पिढीत फरक दिसतो.

घाटावरच्या जाती

उस्मानाबादी मूळची धाराशिव, लातूर, तुळजापूर, उदगीर भागातली. बहुतेक काळी, काही पांढऱ्या ठिपक्यांच्या. जुळी देण्यासाठी प्रसिद्ध आणि मटणाला चवदार. कोकणात आणायची तर मादी आणण्यापेक्षा बोकड आणा. आईकडून आपल्या हवेचा काटकपणा, बापाकडून वजन आणि जुळ्यांचा गुण, असा संकर गावठी कळपावर चांगला बसतो. मादीच आणायची असेल तर आपल्या भागात कुणाकडे एक-दोन पावसाळे काढलेल्या उस्मानाबादीच्या पाटी शोधा.

संगमनेरी अहिल्यानगर, नाशिक, पुणे पट्ट्यातली; पांढरी किंवा पांढऱ्यावर तांबूस-काळे डाग असलेली, मटण आणि दूध दोन्हीसाठी. किनाऱ्यावर तिला खुरांचा त्रास लवकर होतो. बेरारी विदर्भातली, तिकडच्या उन्हाळ्यासाठी घडलेली. ती इथे आणण्याचं काही कारण मला दिसत नाही.

उत्तरेच्या आणि परदेशी जाती

मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून सगळ्यांना जमनापारी हवी असते. उत्तर प्रदेशातल्या इटावा भागातली ही उंच, बाकदार नाकाची, लांब कानांची शेळी. दिवसाला दीड-दोन लिटर दूध देऊ शकते आणि बोकड दिसायला राजबिंडा, त्यामुळे ईदला हौशी गिऱ्हाईक मिळतं. पण ती झुडपावर उंच तोंड करून चरणारी, मोकळ्या कोरड्या जागेतली. दमट हवेत तिला न्यूमोनिया पटकन गाठतो. एखादा बोकड हौसेने सांभाळणं वेगळं आणि कळप करणं वेगळं.

बारबरी लहान चणीची, उभ्या आखूड कानांची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके. मथुरा, आग्रा, एटा, अलीगढ भागातली. बांधून पाळायला अतिशय सोयीची आणि जुळी देणारी. ज्याच्याकडे चरायला सोडायची जागा नाही, बाजूला शेजाऱ्याची कलमं आहेत, त्याने उंच माचीवर (जमिनीपासून वर उचललेल्या, फटींच्या मंचावर) बारबरीचा विचार जरूर करावा. राजस्थानची सिरोही, तांबूस अंगावर गडद ठिपक्यांची, मटण-दूध दोन्हीची आणि बांधूनही राहते. पंजाबची बीटल दुधाची, अंगाने मोठी. तिला खुराक भरपूर लागतो आणि आपल्याकडे तो विकतच आणावा लागतो.

सुरती गुजरातच्या सुरत-बडोदा पट्ट्यातली, बहुतेक पांढरी, मोठ्या कासेची. दुधासाठी पाळायचीच असेल तर डहाणू-पालघरच्या बाजूला मी आधी हिचं नाव घेईन. स्वित्झर्लंडची सानेन जगात दुधाची राणी मानली जाते, पण आपल्या मे महिन्यातल्या घामट हवेत तिच्याकडून त्या दुधाची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे.

राहिला बोअर. दक्षिण आफ्रिकेतली ही जात निव्वळ मटणासाठी घडवलेली: पांढरं अंग, तांबडं डोकं, छाती-मांड्या भरलेल्या. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ती आणून तिच्या संकरावर काम केलं. शुद्ध बोअर महाग असते आणि तिची निगाही महाग पडते. पण बोअर रक्ताचा निम्मा किंवा पाव बोकड गावठी किंवा कन्याळ मादीवर वापरला तर करडं झपाट्याने वजन धरतात. दोन गोष्टी सांभाळा. लहान पाटीवर बोअरचा बोकड पहिल्याच वेताला सोडू नका, करडू मोठं असेल तर अडतं. आणि अस्सल कन्याळचा कळप असेल तर सगळाच्या सगळा संकरात घालवू नका. चांगल्या कन्याळ माद्यांवर कन्याळच बोकड ठेवा, संकर विक्रीच्या करडांपुरता करा. ही जात आपल्या चार महिन्यांच्या पावसाने घडवली आहे. एकदा मोडली की पुन्हा विकत मिळणार नाही.

खरेदी: दसऱ्यानंतर, जवळच्या गावातून

शेळ्या घ्यायच्या त्या ऑक्टोबर ते जानेवारीत. पुढचा पावसाळा येईपर्यंत जनावराला पाच-सहा महिने पाणी, चारा, हवा अंगवळणी पडायला मिळतात. मे महिन्यात स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका.

बाजारात उभं राहिल्यावर आधी तोंड उघडून दात बघा. सगळे दुधाचे दात म्हणजे वर्षाच्या आतली. मधले दोन मोठे दात आले असतील तर साधारण सव्वा वर्षाची, चार असतील तर दोनच्या आसपास, सहा म्हणजे तीनच्या आसपास, आठही पुरे झाले म्हणजे चार वर्षांची. पहिल्या कळपासाठी दोन ते चार दाती, एक वेत झालेल्या माद्या घ्या.

मग डोळा. अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहा. लालसर-गुलाबी असेल तर ठीक. फिका किंवा पांढुरका असेल तर पोटातले जंत रक्त पीत आहेत असं समजा आणि पुढे चला, व्यापारी कितीही भाव उतरवो. ही सवय बाजारापुरती ठेवू नका. पावसाळ्यात दर आठवड्याला प्रत्येक शेळीची पापणी बघा, जंताचा त्रास हगवण लागायच्या आधी इथे दिसतो.

कास दाबून पाहा. दोन्ही सड सारखे, गाठ नको. चारही खूर उचलून मधल्या फटीचा वास घ्या. कुजकट वास आला तर ती शेळी आणू नका. शेपटीखाली घाण चिकटलेली नको.

सुरुवात दहा माद्या आणि एक बोकड अशी करा. बोकड कळपातल्या माद्यांच्या नात्यातला नको. आणलेली जनावरं किमान तीन आठवडे घरच्या शेळ्यांपासून लांब ठेवा.

गोठा: माची उंच, पश्चिम बाजू बंद

कोकणात शेळीच्या गोठ्याचा पैसा जमिनीपासून वर उचललेल्या माचीवर खर्च करा. भिंतीत आणि फरशीत घालू नका. जमिनीपासून तीन ते चार फूट उंच, खाली वाकून झाडता येईल इतकी. सुपारीच्या चिरफळ्या, बांबू किंवा लाकडी पट्ट्या, आणि दोन पट्ट्यांत साधारण दीड सेंटीमीटरची फट. लेंडी आणि मूत खाली पडतं, खूर कोरडे राहतात, आणि खत एका जागी गोळा होतं. फट जास्त ठेवलीत तर करडाचा पाय अडकून मोडतो, म्हणून करडांच्या कप्प्यात पट्ट्या जवळ ठोका.

मोठ्या शेळीला दहा ते बारा चौरस फूट, बोकडाला वीस, करडाला चार-पाच चौरस फूट जागा धरा. छपराची पडवी तीन फूट बाहेर काढा. आपली झड नैर्ऋत्येकडून येते, तेव्हा पश्चिम-दक्षिण बाजूला पावसाळ्यात विणलेल्या झापांचे किंवा जाड प्लास्टिकचे पडदे लावा. चारही बाजू मात्र कधीच बंद करू नका. मुताचा उग्र वास गोठ्यात कोंडला की फुप्फुसं बिघडतात. तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर शेळीला कितीतरी जास्त झोंबतंय.

बिबट्याचा वावर असलेल्या गावात माचीच्या खालच्या बाजूनेही जाळी मारा.

चारा: कोकणाची खरी श्रीमंती

इथे आपल्याला घाटावरच्या माणसाने हेवा करावा. शेळी गवतापेक्षा पाल्यावर जगणारी, आणि पाला आपल्याकडे बारमाही. फणसाचा पाला तिला सगळ्यांत प्रिय. उंबर, ऐन, पांगारा, हादगा, शेवगा हेही चांगले. बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावा, पण सुबाभूळ रोजच्या हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त देऊ नका, केस गळतात. गिरिपुष्पाचा पाला ताजा दिला तर शेळी तोंड फिरवते. अर्धा दिवस सुकवून द्या, हळूहळू लागते.

एका मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा पाला, पाऊण ते एक किलो सुका चारा आणि दोनशे ते तीनशे ग्रॅम खुराक असा अंदाज धरा. सुक्यात भाताच्या पेंढ्यावर सगळा भार टाकू नका, त्यात पोषण कमी. कुळीथ, वाल, चवळीचा भुसा आगोटीलाच भरून ठेवा. पावसाळ्यात पाला आदल्या दिवशी तोडून पडवीत टांगा आणि पाणी निथळल्यावर द्या. गोठ्यात खनिज मिश्रणाची चाटण वीट कायम लटकलेली असू द्या.

सकाळी दव असताना चरायला सोडू नका. जंतांची पिल्लं ओल्या गवताच्या शेंड्यावर असतात. ऊन पडून दव उडालं की सोडा. भाताच्या मळ्यांतल्या ओलसर जागी छोट्या गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातली चपटी कृमी येते. कापणीनंतर गुरं-शेळ्या मळ्यात मोकळ्या सोडायची आपली रीत आहे, पण निदान पाणी साचलेले कोपरे टाळा.

एप्रिल-मेमध्ये काजूची बोंडं आणि पडलेले फणस शेळीने पोटभर खाल्ले तर पोट आंबतं आणि फुगतं. शिळा भात भरपूर घातला तरी तेच होतं. डावी कूस ढोलासारखी ताणलेली दिसली तर वाट न पाहता डॉक्टरला बोलवा. घाणेरी आणि कण्हेर यांची झुडपं गोठ्याजवळ ठेवू नका, दोन्ही विषारी.

पैदास: «दोन वर्षांत तीन वेत» आपल्याकडे जसंच्या तसं चालत नाही

शेळीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवस. माज दर 18 ते 21 दिवसांनी येतो आणि एक ते दीड दिवस टिकतो. व्याल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा लावली तर आठ महिन्यांत पुढचं वेत. दोन वर्षांत तीन वेत हा हिशेब यातूनच येतो.

आता हा हिशेब कोकणाच्या महिन्यांवर मांडा. फेब्रुवारीत व्याली, मेच्या मध्यात लावली, ऑक्टोबरमध्ये व्याली. इथवर उत्तम. जानेवारीत पुन्हा लावली की व्यायची तारीख येते जूनच्या मध्यावर, ऐन मिरगात. तिसरं वेत बरोबर पावसाच्या तोंडी. नुकत्याच जन्मलेल्या करडाला झड आणि ओल सोसत नाही.

म्हणून पहिली दोन वर्षं तरी मध्य जानेवारी ते एप्रिलअखेर बोकड कळपापासून वेगळा ठेवा. त्या काळात लागलेली शेळी जून ते सप्टेंबर या महिन्यांतच विणार. गोठा, माची आणि तुमचा हात बसला की शेळीची तब्येत बघून डिसेंबरच्या सुरुवातीला लावणी करता येते. करडं मेच्या सुरुवातीला येतात आणि पाऊस लागेपर्यंत महिन्याची होतात. एक वेत हुकल्याचं नुकसान कागदावर दिसतं, जूनमध्ये मेलेली करडं मात्र गोठ्यात दिसतात.

पाट वयापेक्षा वजन बघून लावा. आठ-दहा महिन्यांची झाली तरी वीस किलोच्या आत असेल तर थांबा. एका बोकडाला वीस-पंचवीस माद्या पुरेत, आणि दीड-दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर तो आपल्याच पाटींवर जातो. करडू जन्मल्यावर नाळ कापून टिंक्चर आयोडीन लावा आणि अर्ध्या-एक तासात चीक पाजा. पहिल्या दिवसात करडाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा चीक पोटात गेला पाहिजे.

जंत, खूर, लस

जंताचं औषध मेअखेर एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. मधल्या काळात पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंडी तपासून घ्या आणि गरज असेल त्यालाच द्या. उगाच दर महिन्याला औषध पाजलं तर जंत त्याला सरावतात. गाभण शेळीला कोणतं चालतं हे विचारल्याशिवाय देऊ नका, काही औषधं सुरुवातीच्या दिवसांत गर्भाला घातक असतात.

खूर पावसाळ्याआधी तासा. लंगडायला लागली की वाट बघू नका. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मोरचूद विरघळवून उथळ हौदात शेळ्यांचे पाय काही मिनिटं बुडवा. हे पाणी त्या पिणार नाहीत याकडे लक्ष ठेवा.

लसींमध्ये पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस तीन-चार महिन्यांच्या करडापासून पुढे, आणि तिचं संरक्षण साधारण तीन वर्षं टिकतं. आंत्रविषार आणि घटसर्प दरवर्षी पावसाआधी, लाळ्या-खुरकूत सहा महिन्यांनी. मे महिन्यात दवाखान्यात गर्दी होते, एप्रिलमध्येच गावातल्या चार-पाच जणांनी मिळून डॉक्टरांशी तारीख ठरवा. जनावरांचा विमाही याच वेळी करून कानात बिल्ला मारून घ्या.

विक्री: काट्यावर, आणि ईदचं पंचांग बघून

अंदाजावर विकू नका. टांगता काटा घ्या आणि जिवंत वजनावर भाव ठरवा. व्यापाऱ्याची नजर तुमच्यापेक्षा तयार असते, काटा दोघांना सारखाच. शेळी-बोकडाच्या जिवंत वजनाच्या साधारण निम्म्याच्या आत-बाहेर मटण पडतं, हे ध्यानात ठेवून भाव बोला.

बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 मध्ये ती 7 जूनला होती. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा आणि अंगाने निर्दोष लागतो: शिंग मोडलेलं, कान फाटलेला, लंगडा किंवा डोळ्यात फूल पडलेला बोकड कुणी घेत नाही. फेब्रुवारीत जन्मलेला नर पुढच्या वर्षी मेमध्ये येणाऱ्या ईदला सव्वा वर्षाचा होतो आणि नेमका पावसाआधी गोठ्यातून बाहेर पडतो. रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्त्यांमधलं गिऱ्हाईक दोन-तीन महिने आधी येऊन बोकड बघून ठेवतं. तेव्हा नर करडांची शिंगं-कान पहिल्यापासून जपा, आणि कुंपणाला काटेरी तार लावू नका, कान त्यातच फाटतात. ईदला जाणार नाहीत ते नर आठ-दहा महिन्यांचे झाले की शिमग्याला किंवा गावच्या सागोतीला विकून टाका. त्यापुढे खुराक जास्त खातात आणि वजन त्या मानाने वाढत नाही.